बिछायत केंद्रातला रसिक

वाशीम जिल्ह्यात गाण्याच्या जाहीर कार्यक्रमांचा धंदा शिकायला निघालेल्या तरुण रसिकाला चार नावे असतात. कॉलेजच्या फॉर्मवर तो 'इंटर्न' असतो, बिलावर 'हेल्पर', मालकाच्या तोंडी 'पोट्टा' आणि जमलेल्या पब्लिकच्या तोंडी 'ओ साऊंडवाले'. या चारही नावांऐवजी येथे 'उमेदवार' हा जुना शब्द वापरला आहे. आज ना उद्या जागा रिकामी होईल या आशेवर कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करणाऱ्याला पूर्वी उमेदवार म्हणत. पुढे हा शब्द निवडणुकीने पळवला. त्यातला आशेचा भाग तिकडे गेला. बिनपगारी भाग साऊंडवाल्यांकडे राहिला.

जिल्हा तसा तरुण आहे. 1 जुलै 1998 रोजी तो अकोल्यातून वाटणी घेऊन वेगळा झाला. वाशीम गाव मात्र वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी होते, आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावून दिले ते याच वत्सगुल्मात. मांडव कोणाचा होता, वाजंत्री कुठली होती आणि वाजवणाऱ्यांचे उरलेले पैसे कधी मिळाले, याबद्दल राजशेखर गप्प आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय आहे. त्याची इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची असून 5 ऑक्टोबर 2024 रोजी तिचे उद्घाटन झाले. ज्या जिल्ह्यात साहित्याचे लग्न लागले आणि वाद्याची इमारत झाली, तिथल्या एखाद्या पोराला गाण्याचे वेड लागले तर दोष त्याचा एकट्याचा मानता येत नाही.

वेडाचे अलीकडचे निमित्त म्हणजे जानेवारी 2025 मधले कोल्डप्लेचे कार्यक्रम. 18, 19 आणि 21 तारखेला ते नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. उमेदवार तिथे गेलेला नसतो. तिकीट मिळाले नाही असे तो सांगतो. तिकिटाचा आकडा पाहून त्याने मोबाइल उलटा ठेवला होता, हे सांगत नाही. पुढे महिनाभर तो व्हिडिओ पाहतो. सगळ्या जगाचे लक्ष गायकाकडे आणि हजारो मनगटांवर एकदम पेटणाऱ्या दिव्यांकडे असते. उमेदवाराचे लक्ष असते ते अंधारातून, काळा टी-शर्ट घालून, वाकून पळत येणाऱ्या आणि गिटारची वायर बदलून नाहीशा होणाऱ्या माणसाकडे. त्या माणसाला तिकडे 'रोडी' म्हणतात. इकडे हा शब्द एमटीव्हीवरच्या मोटारसायकलींमुळे 2003 पासून वेगळ्याच अर्थाने माहीत आहे. त्यामुळे मुलाने 'मला रोडी व्हायचंय' असे जाहीर केल्यावर वडिलांचे पहिले उत्तर 'गाडी भेटनार नाही' असे येते.

मग शोध घेता घेता तो बिछायत केंद्रापाशी येऊन पोचतो. वऱ्हाडात गाण्याचा धंदा स्वतंत्र दुकान मांडून क्वचितच बसतो. तो गाद्या, सतरंज्या, कनाती, कढया, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि नवरदेव-नवरीचे सिंहासन यांच्याबरोबर एकाच गोदामात राहतो. माइकची पेटी बहुधा पाण्याच्या ड्रमाशेजारी असते. उमेदवार तिथे जाऊन विचारतो, "काका, तुमच्याकडे इंटर्नशिप असते का?" मालक खरोखर विचार करतो. "आमच्याकडं खुर्च्या रायते, गाद्या रायते, कढया रायते. हे काय रायते बाप्पा?" समजावून सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळतो. "म्हंजे काम करशीन अन् पैसे नाही मागशीन? मंग उद्यापासून ये ना." मुलाखत इथेच संपते.

धंद्याची घडण समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी लागते: तिकीट काढून गाणे ऐकण्याची चाल इकडे फारशी रुजलेली नाही. ऐकणारा पैसे देत नाही आणि पैसे देणाऱ्याला ऐकायला वेळ नसतो. देणारा म्हणजे वधूपिता, मंडळाचा अध्यक्ष, सप्ताहाची पंचकमिटी किंवा वाढदिवस असलेला पुढारी. तो कार्यक्रमभर पाहुण्यांना हाताला धरून पुढच्या सोफ्यावर बसवत असतो. गाणे कसे झाले हे त्याला दुसऱ्या दिवशी लोक सांगतात. आवाज कसा होता हे मात्र त्याला आधीच ठाऊक असते, कारण त्याने स्पीकरचे डबे मोजलेले असतात.

वर्षाचा क्रम असा. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लागतात. मग सप्ताह, रामनवमी आणि 14 एप्रिल. आंबेडकर जयंती एका दिवसात उरकत नाही. गायन पार्ट्या मोजक्या आणि गावे फार, म्हणून गावोगावच्या तारखा पुढे सरकत भीमगीतांचे आणि कव्वालीच्या मुकाबल्याचे कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात. वामनदादा कर्डक (1922–2004) गावोगाव फिरून ज्या श्रोत्यांपुढे गायले, त्यांची नातवंडे या कार्यक्रमांना पुढे बसलेली असतात आणि शब्द चुकला तर गायकाला तिथल्या तिथे दुरुस्त करतात. पाऊस पडला की सामान गोदामात जाते; ते गणपतीला बाहेर येते आणि नवरात्रात परत तापते. उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त काम, आणि वाशीमचा एप्रिल-मे म्हणजे चाळीस अंशांच्या वरचा कारभार. लोखंडी ट्रस दुपारी दोन वाजता हातात धरला की, गाण्यातले दर्द वगैरे शब्द उमेदवाराला नव्याने समजतात.

उमेदवारीचा पहिला धडा वजनाचा. संगीत हवेतून येते, हा रसिकाचा समज असतो. प्रत्यक्षात ते पिकअपच्या डाल्यातून येते. 18 इंची दोन स्पीकरचा बेसचा एक डबा 70-80 किलो भरतो, कधी त्याहून जास्त, आणि असे आठ डबे घेतल्याशिवाय गावात तोंड दाखवता येत नाही. डबा दोघांनी उचलायचा असतो. त्या दोघांतला दुसरा ऐनवेळी चहाला गेलेला असतो. डबा चढवताना खाली असलेला माणूस सगळा भार घेतो आणि वर असलेला सगळ्या सूचना देतो; उमेदवार कुठे असतो हे सांगायची गरज नाही. जाताना केबिनमध्ये ड्रायव्हर, मिक्सर चालवणारा ऑपरेटर आणि मालकाचा भाचा बसतात. उमेदवार मागे डब्यांच्या खाचेत, कुशीत मिक्सर घेऊन बसतो. मिक्सरला धक्का लागू नये म्हणून उमेदवार असतो.

दुसरा धडा वायरचा, आणि तो जन्मभर पुरतो. हाताच्या पंजाभोवती आणि कोपराभोवती वायर गुंडाळणे या धंद्यात पाप समजले जाते. तशी गुंडाळली की आतल्या तारा पिळतात आणि वायर आतून तुटते. बाहेरून ती चांगली दिसते, आणि नेमकी मंत्र्यांच्या भाषणात खरखर करते. म्हणून एक वेढा सुलटा, एक उलटा अशी ती हलकेच मांडत जायची असते. ही विद्या अवगत झालेला उमेदवार घरी आईच्या इस्त्रीची, मिक्सरची आणि नळीचीसुद्धा वेटोळी बदलून ठेवतो. आई सांगते, "पोराले कामाचं वळण लागलं." हेच एक वळण त्याला लागलेले असते.

त्यानंतर वीज. भारतात ती 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची असते, असे पुस्तकात लिहिलेले आहे. गावात ती जशी येईल तशी असते. जनरेटर ट्रॉलीवर ठेवून ट्रॅक्टरमागून येतो. त्याचा मालक वेगळा, त्याचे डिझेल वेगळे आणि त्याचा राग वेगळा. स्पीकरमधून 'हूंऽऽ' असा सपाट आवाज यायला लागला की ऑपरेटर मान न वळवता म्हणतो, "अर्थिंगले पानी टाक." हा आवाज म्हणजे त्याच 50 हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा, विजेचा स्वतःचा स्वर होय. स्टेजच्या मागे जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईभोवती उमेदवार मीठ टाकतो, बादलीभर पाणी ओततो आणि हूं कमी झाल्याचे कान देऊन पाहतो. जिल्ह्यातली काळी भारी जमीन ओली असेपर्यंत वीज झकास पोटात घेते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ऐन हंगामात ती हे काम सोडून देते. शास्त्रीय संगीत शिकणारा तंबोऱ्याच्या षड्जापुढे बसून कान तयार करतो. उमेदवाराचा कान बादली घेऊन तयार होतो.

साऊंड चेक हा विधी संध्याकाळी होतो. 'हॅलो, चेक, वन टू' हे शब्द उगाच म्हटले जात नाहीत. 'च'मध्ये आवाजाची धार कळते, 'टू'मध्ये माइकवर आदळणारी फुंकर कळते. सप्ताहात हेच काम 'रामकृष्णहरी' करते, आणि तेही चांगले करते. माइकने उचललेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडून परत त्याच माइकात शिरला की शिट्टी वाजते. शिट्टी वाजताच पाचशे माणसे उमेदवाराकडे पाहतात. मिक्सरवर ऑपरेटर असतो, माइक गायकाच्या हातात असतो, तो स्पीकरसमोर उभा राहतो. उमेदवार बारा फुटांवर खुर्च्या लावत असतो. तरी पाहतात ते त्याच्याकडेच, कारण त्याच्या गळ्यात वायर असते.

गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरला मॉनिटर म्हणतात. मानवी स्वभावाचा अभ्यास करायला यासारखी जागा नाही. गायक म्हणतो, माझा आवाज वाढवा. कीबोर्डवाला म्हणतो, कीबोर्ड वाढवा. ऑक्टोपॅडवाला काही म्हणत नाही, नुसते बोट वर करतो. ढोलकीवाल्याला काहीच ऐकू येत नसते. दुसऱ्याचा आवाज वाढवा, अशी मागणी या व्यवसायात ऐकिवात नाही. अनुभवी ऑपरेटर एका बटनावर बोट ठेवतो, ते फिरवत नाही आणि विचारतो, "आता?" गायक समाधानाने मान डोलावतो. उमेदवाराने तीन महिन्यांत शिकलेल्या विद्यांपैकी ही सर्वांत मोलाची मानली जाते.

आवाजाचे गणित गिऱ्हाइकाला पटवणे हे मालकाचे काम, पण ते ऐकणे उमेदवाराच्या वाट्याला येते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर तो साधारण 10 डेसिबलने वाढावा लागतो, आणि 10 डेसिबल वाढवायला वीज दहापट लागते. डबे दुप्पट केले तर कानाला 'थोडा बरा झाला' एवढेच वाटते. गिऱ्हाइकाला हे मान्य नसते. त्याला दुप्पट आवाज, तेवढेच डबे आणि कमी पैसे हवे असतात. शेजारच्या गावाने आठ डबे लावले असतील तर याला बारा पाहिजेत. यावर मालकाने काढलेली तोड म्हणजे चार डबे नुसतेच उभे करायचे. त्यांत स्पीकर नसतात. उमेदवार पहिल्यांदा असा डबा उचलतो तेव्हा त्याला स्वतःच्या ताकदीबद्दल घडीभर फार चांगले वाटते.

रात्री दहा वाजता कायदा स्टेजवर येतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणावारासाठी राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. 55 डेसिबल म्हणजे दोन माणसांच्या बोलण्याएवढा आवाज. ऑक्टोपॅडवाला नुसता खोकला तरी तो ओलांडला जातो. तक्रार मात्र कार्यक्रमाच्या गावातून सहसा येत नाही, कारण तक्रार करू शकणारे सगळे समोर बसलेले असतात. ती पलीकडच्या गावातून येते. याला भौतिकशास्त्र जबाबदार आहे. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते, तेव्हा आवाज वर वळून आभाळात जातो. रात्री जमीन निवते, वरची हवा त्या मानाने गरम राहते आणि आवाज खाली वाकून दूरवर पोचतो. त्यामुळे दोन मैलांवर खाटेवर पडलेल्या माणसाला, मांडवातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसापेक्षा शब्द कधीकधी स्वच्छ ऐकू येतात, आणि नेमका तो रसिक नसतो.

आता ज्या गाण्यासाठी एवढे केले, त्याच्याकडे वळावे. स्पीकरमधून निघणारा बारीक आवाज टॉर्चच्या उजेडासारखा समोर जातो. जाड आवाज चहूकडे पसरतो. उमेदवाराची जागा स्टेजच्या मागे, डब्यांच्या पाठीशी, जनरेटरच्या बाजूला असते. तिथे शब्द पोचत नाहीत, सूर पोचत नाहीत, बासरी तर नाहीच. पोचतो तो फक्त धप्-धप्. हजार माणसांच्या गर्दीत गाण्याच्या सर्वांत जवळ आणि गाणे न ऐकणारा असा तो एकटा असतो. पुढे पुढे त्याला धप् वरून गाणे ओळखता येऊ लागते. हे कडवे संपले की माइक बदलायचा, हे त्याला छातीत कळते.

त्यातून कधी पुढे जायची संधी मिळते ती चिठ्ठी घेऊन. गायकाला बक्षीस देणाऱ्यांची नावे कागदावर येतात आणि ती स्टेजवर पोचवणे उमेदवाराचे काम असते. गाणे ऐन रंगात आले की निवेदक ते थांबवतो आणि अमुक गावच्या अमुक भाऊंकडून 100 रुपयांचे, तर त्यांच्या मेहुण्यांकडून 101 रुपयांचे बक्षीस जाहीर करतो. हा एक रुपया गावात पुढे सहा महिने बोलला जातो. नाव चुकीचे वाचले गेले तर दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी येते. या धावपळीत उमेदवाराला मुखडा चार वेळा ऐकायला मिळतो, अंतरा एकदाही नाही.

वादक परवडत नसतील तिथे ट्रॅकवर गाणे होते. ट्रॅक मोबाइलवर असतो आणि मोबाइल मिक्सरला जोडलेला. विरहगीताच्या मधोमध त्या मोबाइलवर फोन येतो आणि बारा डब्यांतून रिंगटोन वाजते. म्हणून कार्यक्रमाआधी प्रत्येक फोन फ्लाइट मोडवर टाकणे ही उमेदवाराची अधिकृत जबाबदारी आहे. नियमित विमानसेवा नसलेल्या या जिल्ह्यात हा मोड केवळ संगीतासाठी वापरला जातो.

कीर्तनाचा साऊंड वेगळा आणि, खरे सांगायचे तर, अधिक अवघड. ऑर्केस्ट्रात चूक झाली तर शिवी मिळते; कीर्तनात बुवा थांबतात, हसतात आणि हजार लोकांसमोर प्रेमाने म्हणतात, "साऊंडवाले माउली, इको जरा कमी करा, आम्हाला एकदाच बोलू द्या." दुसऱ्या दिवशीच्या बुवांना तोच इको दुप्पट पाहिजे असतो. सप्ताहात आठ दिवस हा अंदाज घेण्यात जातात. मात्र बोर्डावर बसून शब्द न् शब्द ऐकायला मिळतो तो इथेच, कारण ऑपरेटर काकड्याला उठत नाही आणि पहाटेचा मिक्सर उमेदवाराच्या हाती येतो. टाळ, पखवाज, पेटी, थंड हवा, शिट्टी नाही. पहाटे पाच वाजता बारा श्रोत्यांसमोर, त्यांतले चार झोपलेले असताना, वाशीम जिल्ह्यातला सर्वांत चांगला आवाज लागतो. याचे बक्षीस कोणी जाहीर करत नाही.

मोबदल्याचे सांगायचे तर जेवण पक्के. ते शेवटच्या पंगतीला मिळते. रोडगे आणि वांग्याची भाजी असेल तर शेवटची पंगतही वाईट नसते. बुंदी मात्र तोवर संपलेली असते. कानासाठी काही मिळत नाही. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते आणि 100 ला ती पंधरा मिनिटांवर येते, असा हिशोब तज्ज्ञांनी मांडला आहे. उमेदवार रात्रभर शंभराच्या पुढे उभा असतो आणि कानात कापसाचे बोळे घालतो. वऱ्हाडाच्या या पांढऱ्या सोन्याला बाजारात भाव नाही आणि कानातही फारसा उपयोग नाही. खरे इअरप्लग फोमचे असतात आणि गोदामात कोणाला ते माहीत नसतात. सरकारच्या 2024 सालच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. ते नोंदणीकृत आस्थापनेत काम करणाऱ्याला. बिछायत केंद्राची नोंद गावातल्या प्रत्येक घराच्या डायरीत असते, पण ती चालत नाही.

तरीही ही उमेदवारी कॉलेजच्या कामी येते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर वर्गांना 4 श्रेयांकांचे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे 120 तास, करावे लागतात. बाकीची मुले ते दोन महिने पुरवून वापरतात. उमेदवाराचे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठ कार्यक्रमांत भरतात, दुपारी बाराला निघून पहाटे तीनला गोदाम बंद करेपर्यंत. अडचण येते ती प्रमाणपत्राची. लेटरहेड नसते, म्हणून ते बिलबुकाच्या पानावर लिहिले जाते. शिक्का एकच असतो: 'मंडप, गादी, भांडी व साऊंड भाड्याने मिळेल'. त्याखाली, छापलेलेच असल्याने, 'फुटतूट झाल्यास भरून द्यावी लागेल' हीही ओळ येते.

कॉलेजात प्रमाणपत्र तपासणारे सर ते दोनदा वाचतात, चष्मा काढतात आणि सही करतात. मग जाताना उमेदवाराला थांबवून विचारतात की 20 मे रोजी घरी लग्न आहे, दोनशे खुर्च्या आणि एक माइक जमेल काय.